श्रोत्यांचा रकाना

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी रेवणसिद्ध अप्पा चौतीस वर्षांचे होते आणि सेलूच्या एका जिनात इंजिनाला तेल घालायचं काम करत होते. कापसाच्या हंगामात चार महिने इंजिन धडधडायचं, बाकीचे आठ महिने अप्पा त्याचे नटबोल्ट पुसत बसायचे. शिक्षण उर्दू चौथीपर्यंत, पण हाताला यंत्राची समज होती. फौजेच्या मोडीत निघालेल्या सामानातला एक वायरलेस संच त्यांना परभणीच्या भंगारवाल्याकडे दिसला. तो त्यांनी पोत्यात घालून घरी आणला आणि पुढचे तीन महिने रिकाम्या वेळात त्याच्या पोटात हात घालून बसले.

त्यांची बायको चन्नबसम्मा रोज विचारायची, "ह्ये मडं बोलनार हाय का?"

"बोलंल की. नरडं दुरुस्त करायलोय."

ते बोललं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. कुठली तरी भाषा होती, दोघांनाही न कळणारी. एक बाई घाईघाईनं काहीतरी सांगत होती. चन्नबसम्मा पिठाचा हात तसाच धरून ऐकत राहिली आणि आवाज थांबल्यावर म्हणाली, "लय दमलेली दिसती बिचारी."

आमच्या आळीत अप्पांना तेव्हापासून रेडिओवाले म्हणायला लागले. छप्पनच्या अखेरीस मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पुढच्या वर्षी खेड्यांसाठी सरकारी रेडिओ आले, आणि ते सांभाळायला माणूस पाहिजे म्हणून खात्यानं अप्पांना नोकरीवर घेतलं. सेलू आणि जिंतूरकडची अडतीस गावं त्यांच्याकडे आली.

सरकारी रेडिओ म्हणजे लाकडी पेटी. तिला कुलूप. काटा एकाच ठिकाणी बसवून बंद केलेला, म्हणजे सरकारी केंद्र सोडून दुसरं काही लागायचं नाही. पेटी गावच्या चावडीत ठेवायची, संध्याकाळी दिवेलागणीला उघडायची, बातम्या, बाजारभाव, शेतकऱ्यांसाठी चार गोष्टी, एखादं भजन ऐकायचं आणि बंद करायची. खेड्यात वीज नव्हती. पेटी चालायची ती कोरड्या बॅटरीवर. ही बॅटरी दिसायला विटेएवढी, उचलायला जात्याच्या तळीसारखी. अप्पांनी ती खांद्यावर मारून मोटारीनं जायचं, मोटार सोडेल तिथून बैलगाडीनं किंवा पायी गाव गाठायचं, जुनी काढायची, नवी बसवायची, आवाज पकडायला वर बांधलेली तार ताणायची आणि खात्याचा छापील कागद भरायचा. त्या कागदावर पाच रकाने होते. शेवटचा रकाना होता श्रोत्यांची संख्या.

पहिल्या वर्षी तो रकाना भरताना अप्पांना अंदाज लावता यायचा नाही. कोरटवाडी नावाचं गाव चारठाण्याच्या पलीकडे तीन कोसांवर आहे. तिथं पेटी बसवली त्या संध्याकाळी चावडीच्या पायऱ्या, पुढचं अंगण, शेजारची धाब्याची छतं माणसांनी भरली होती. नारळ फुटला. एका म्हाताऱ्यानं पेटीला बुक्का लावला. अप्पांनी कागदावर लिहिलं, "सुमारे तीनशे." बाया मात्र चावडीच्या पायरीवर चढत नसत. त्या लांब लिंबाखाली पदर धरून उभ्या होत्या. त्यांना अप्पांनी मोजलं नव्हतं. तशी रीतच नव्हती.

दुसऱ्या वर्षापासून अप्पा थकायला लागले. अडतीस गावं, महिन्याचे तीस दिवस. एका गावची पेटी दुरुस्त करावी तर दुसरीतल्या तारा उंदरांनी खाल्लेल्या. कुठं पाटलानं ती स्वतःच्या बैठकीत नेऊन तिच्यावर पानाचं तबक ठेवलेलं. कुठं शाळामास्तरानं चावी घेऊन रजा टाकलेली. ज्या गावात जावं तिथं लोक आधी तक्रार सांगायचे, मग पाणी द्यायचे.

"अप्पा, आमचा रेडू खोकायलाय."

"अप्पा, पावसाचं सांगितलं अन् पाऊस आलाच न्हाई. कोनाला बोलायचं आता?"

अप्पा कोणालाच काही बोलायचे नाहीत. घरी येऊन ते अंगणातल्या बाजेवर पडायचे. चन्नबसम्मा तीळतेल गरम करून त्यांच्या पाठीला लावायची. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांत वात होता. दोघं एकमेकांना दुखण्याबद्दल विचारत नसत, तेलाची वाटी तेवढी इकडून तिकडे जायची.

त्याच सुमाराला सेलूत बन्सीधर शेटजींनी कापसाच्या पेढीला लागून रेडिओचं दुकान काढलं. आता ज्याच्या हातात चार पैसे खेळत होते त्याला स्वतःचा रेडिओ हवा झाला. पोस्टातून लायसन काढायचं आणि पाहिजे ते स्टेशन लावायचं. आणि पाहिजे ते म्हणजे सिलोन. तिथं दिवसभर सिनेमाची गाणी लागायची, गाण्यांच्या मधे साबणाच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या जाहिराती. सरकारी केंद्रावर त्या काळात सिनेमाची गाणी फार लागत नसत. रस्त्याकडेच्या एकेका हॉटेलात रेडिओ आला आणि गावोगावच्या चावड्या रिकाम्या व्हायला लागल्या. अप्पांना ते कोणी सांगावं लागलं नाही. शेवटच्या रकान्यात दिसत होतं. तीनशेचे साठ झाले, साठाचे बारा.

कोरटवाडीतही असंच झालं. हे गाव दोन तुकड्यांत आहे. जुनी वस्ती वर माळावर, तिथं चावडी, महादेवाचं देऊळ आणि बहुतेक घरं. खाली सडकेवर मोटार थांबते, तिथं नवी चार-पाच दुकानं. त्यात दिनकररावांनी हॉटेल काढलं. जागा गावचे सरपंच आश्रुबा यांची. अठ्ठावन्नच्या दसऱ्यानंतर हॉटेलात रेडिओ आला, बॅटरीवरचा, हिरव्या काचेचा, आणि वरच्या वस्तीतली माणसं संध्याकाळी खाली उतरायला लागली.

त्यानंतरच्या पहिल्या खेपेला अप्पा मोटारीतून उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. खांद्यावर बॅटरी होती. वर माळाकडे जाणारी वाट त्यांनी पाहिली आणि पाय उचलेना. आश्रुबा हॉटेलात बसले होते.

"या अप्पा, बसा. कशाला चढायलात एवढं? कोन ऐकतंय आता ती पेटी?"

"बॅटरी बदलाया पायजे, सरपंच."

"ती द्या हिकडं. आमी बशिवतो की. तुमीच तर शिकिवलंय आमाला. बसा, च्या घ्या."

अप्पांनी चहा घेतला. बॅटरी आश्रुबांच्या पायाशी ठेवली. कागद काढला आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबले.

"किती लिहू?"

"शून्य लिवा," आश्रुबा म्हणाले. "खरं तेच लिवा."

अप्पांनी शून्य लिहिलं. परतीची मोटार मिळाली आणि त्या दिवशी ते उजेडात घरी पोचले. पुढच्या महिन्यात तसंच. तिसऱ्या महिन्यात त्यांनी विचारलंही नाही. हॉटेलात बसले, सिलोनची दोन गाणी ऐकली, बॅटरी ठेवली, शून्य लिहिलं, सही केली.

याच दिवसांत बन्सीधर शेटजींनी त्यांना दुकानात बोलावून घेतलं. "अप्पा, किती दिवस वझं वाहनार? माझ्याकडं बसा. पंख्याखाली खुर्ची देतो. लोक रेडिओ घेऊन तुमच्याकडं येतील, तुमी लोकांकडं जायचं न्हाई."

अप्पांनी विचार करून सांगतो म्हटलं. घरी चन्नबसम्माला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बसा की मग. सरकारला काय तुमचीच पाठ घावली का?"

तरी अप्पा गेले नाहीत. का, ते त्यांना नीट सांगता यायचं नाही. एकदा मी फार विचारल्यावर म्हणाले, "नोकरी सोडाया सुदा जोर लागतो. तेवढाबी ऱ्हायला नव्हता."

एकोणसाठच्या फेब्रुवारीत खात्याचा हुकूम आला. ज्या गावात लागोपाठ तीन महिने श्रोते नाहीत तिथली पेटी काढून मागणी असलेल्या दुसऱ्या गावाला द्यायची. यादीत पहिलंच नाव कोरटवाडी. पेटी काढून आणायची म्हणजे आता चढण चढणं आलंच.

अप्पा जेवणवेळेनंतर पोचले. हॉटेलकडे न पाहता माळाची वाट धरली. अर्ध्या वाटेवर दम खायला थांबले तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. चावडीच्या धाब्यावर त्यांनी स्वतः बांधलेली तार तिथं नव्हती. ती महादेवाच्या देवळाच्या शिखरावर बांधलेली होती, त्यांच्या हातापेक्षा चांगली ताणून.

देवळाच्या सभामंडपात वीसेक बाया बसल्या होत्या. कोणी तुरीच्या शेंगा सोलत होत्या, कोणाच्या मांडीवर लेकरू होतं. मधे दगडी नंदीच्या शेजारी, घोंगडीच्या घडीवर सरकारी पेटी होती आणि तिच्यातून अगदी बारीक, खरखरीत आवाज येत होता. ऐकू यावं म्हणून बाया पेटीला इतक्या चिकटून बसल्या होत्या की त्यांची डोकी एकमेकींना लागत होती. पेटीतली कोणी बाई बाळंतिणीच्या आहाराबद्दल बोलत होती.

अप्पा खांबाशी उभे राहिले. पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते दगडाबाईनं. ती चावडी झाडायची, सारवायची. तिनं बोटानं गप्प राहायची खूण केली आणि बोलणं संपेपर्यंत कोणी हललं नाही.

मग देवळात दिवाबत्ती करणाऱ्या म्हाताऱ्या नागुबाई म्हणाल्या, "अप्पा आले का? चार म्हैने झाले, कुटं व्हता? बॅटरीचा जीव गेला पार. रोज सकाळी उनात ठिवतो, तवा कुटं घटकाभर बोलती."

"उनात?"

"मग काय करावं? तुमी तर येईनात."

अप्पांनी पेटीचं मागचं झाकण उघडलं. ते बॅटऱ्या देताना प्रत्येकीवर निळ्या पेन्सिलीनं तारीख घालायचे. पेटीतल्या बॅटरीवर गेल्या ऑक्टोबरची तारीख होती.

"मी तीन बॅटऱ्या दिल्या," ते म्हणाले. "सरपंचाच्या हातात दिल्या."

बायांनी माना वळवून मागं पाहिलं. मग मागच्या बाजूनं एक तिशीतली बाई पुढं आली. तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं. ही छबूबाई, आश्रुबांची धाकटी भावजय. नवरा दोन वर्षांपूर्वी सर्पदंशानं गेलेला, पदरात एक मुलगी.

"त्या बॅटऱ्या वर चढनार न्हाईत, अप्पा," ती म्हणाली. "माझ्यामुळं."

तिनं जे सांगितलं ते असं. माणसं खाली हॉटेलात जायला लागली आणि चावडी ओस पडली. पेटीची चावी चावडीतच खुंटीला असायची; दगडाबाई सारवताना एक दिवस सहज कुलूप काढून बटण फिरवून बसली. मग तिच्या मागोमाग दुसरी आली, तिसरी आली. चावडीवर बसायचं अवघड वाटलं म्हणून पेटी देवळात आणली. दुपारची कामं उरकून बाया इथं यायला लागल्या. एका दुपारी रेडिओवर वकीलीण असलेल्या एका बाईनं नव्या कायद्याचं सांगितलं. नवरा वारला तर त्याच्या जमिनीत बायकोचा हिस्सा असतो, लेकीचाही असतो, आणि तो कोणाच्या मेहरबानीचा नसतो.

"मी घरी जाऊन भावजींना इचारलं," छबूबाई म्हणाली. "भांडले न्हाई. निस्तं इचारलं, की असं हाय का. ते म्हनले, कोनी सांगितलं? मी म्हनलं, रेडूनं. त्या दिसापसून बॅटरी बंद."

अप्पा नंदीच्या चौथऱ्यावर टेकले. खिशात हुकमाचा कागद होता. तो काढावा की नाही ते त्यांना ठरवता येईना. शेवटी काढला.

"बाई, मला ह्यी पेटी न्यायचा हुकूम हाय."

"का?" दगडाबाईनं विचारलं.

"इथं कोनी ऐकत न्हाई म्हनून."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक तरुण सून पदर तोंडाला लावून हसली. नागुबाई हसल्या नाहीत. "कोनी लिवलं असं?"

"मी लिवलं."

"इथं येऊन बघून लिवलं?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "खाली बसून लिवलं. पाय दुखत व्हते."

नागुबाई उठल्या. मग देवळाच्या कोपऱ्यातल्या रांजणातून तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं ठेवलं. "प्या. चढून आलात."

अप्पा पाणी प्यायले. त्यांनी पेटीचं झाकण लावलं. आणि पेटी तिथंच ठेवून ते उतरायला लागले.

खाली हॉटेलात सिलोन चालू होतं. पाच-सहा माणसं बाकावर बसली होती. आश्रुबांनी हाक मारली, "अप्पा, पेटी कुटं हाय? या, च्या घ्या आधी."

अप्पा सरळ रेडिओच्या मागं गेले. दिनकरराव "अहो, अहो" म्हणत राहिले. मागं बॅटरी जोडलेली होती आणि तिच्यावर निळ्या पेन्सिलीत अप्पांच्याच अक्षरात जानेवारीची तारीख होती. अप्पांनी तिच्या तारा सोडल्या. गाणं मध्येच तुटलं.

"सरपंच, ह्यी सरकारची हाय."

"सरकार म्हंजे कोन?" आश्रुबा शांतपणे म्हणाले. "गावच ना? गाव इथं बसलंय. बगा, कोन हाय न्हाई ते मोजा."

अप्पांनी सुटलेल्या तारा बाजूला सारल्या. बाकावरची माणसं त्यांच्याकडे पाहत होती. त्यांतल्या कित्येकांनी पहिल्या दिवशी पेटीपुढं हात जोडले होते. त्यांना राग आला नव्हता, गाणं बंद पडल्याचं फक्त वाईट वाटत होतं. अप्पांनी बॅटरी उचलली. अर्धी संपलेली होती, वजन तेवढंच. ती घेऊन ते पुन्हा चढण चढले, देवळातल्या पेटीत बसवली. पेटी मोठ्यानं बोलली तशी मांडीवरची दोन लेकरं दचकून रडायला लागली. एवढं होईपर्यंत परतीची मोटार निघून गेली होती. ते चारठाण्यापर्यंत पायी गेले.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्याला कागद लिहिला. मराठी लिहायची सवय कमी, म्हणून मोठ्या कष्टानं लिहिला. कोरटवाडीत श्रोते आहेत. मी मोजले, एकवीस. आधीचे तीन अहवाल मी गावात न जाता लिहिले, ते खोटे आहेत. बॅटऱ्या मी दुसऱ्याच्या हाती दिल्या, त्या हॉटेलात लागल्या.

चन्नबसम्माला वाचता येत नव्हतं. तिनं वाचून दाखवायला लावलं.

"सरपंचाचं लिवा," ती म्हणाली. "तुमचं कशाला लिवता? तुमाला कोन इचारायलंय?"

"शून्य मी लिवलं गं."

"मग आता एकवीस लिवा अन् गप बसा."

अप्पांनी कागद बदलला नाही. चन्नबसम्मा चुलीकडे गेली आणि दोन दिवस फारसं बोलली नाही.

परभणीहून बोलावणं आलं. साहेब तरुण होते, मुंबईकडचे, वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद पुढं सरकवला. "अप्पा, हा परत घ्या. सरपंचानं बॅटऱ्या लाटल्या एवढंच लिहून द्या. मी त्याच्यावर बघतो. तुमचं नाव यात कशाला?"

"साहेब, सरपंचानं बॅटऱ्या घेतल्या त्या मी दिल्या म्हनून. अन् पेटी जायची वेळ आली ती माझ्या सहीनं."

"तुम्ही लेखी कबूल केलंत तर मला कारवाई करावी लागेल."

"करा की."

साहेबांनी विचारलं, "तुम्ही दमलाय का?"

या प्रश्नानं अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोपर्यंत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "व्हय साहेब. लय."

पंधरा दिवसांनी साहेब जीप घेऊन स्वतः कोरटवाडीला गेले. दुपारी, न कळवता. देवळात पंचवीस बाया होत्या. साहेबांनी तिथंच हुकूम लिहिला की पेटी देवळाच्या मंडपात राहील आणि चावी दगडाबाईकडे राहील. त्याच आठवड्यात अप्पांना नोकरीवरून कमी केल्याचा कागद मिळाला. आश्रुबांना ताकीद मिळाली. ते पुढंही सरपंच राहिले. गावानं त्यांनाच निवडून दिलं.

अप्पा बन्सीधर शेटजींच्या दुकानात बसायला लागले. पंख्याखाली खुर्ची मिळाली. दिवसभर लोकांचे रेडिओ यायचे आणि दुरुस्त झाला की नाही ते पाहायला प्रत्येक जण सिलोनच लावून बघायचा. अप्पांना ती गाणी आवडायची नाहीत असं नाही. काही काही ते गुणगुणतही असत. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना घरात कोणी मोठ्यानं बोललेलं चालायचं नाही. चन्नबसम्मानं स्वतःच्या घरात रेडिओ लावणंच सोडून दिलं.

छबूबाईनं जिंतूरला दावा लावला. वर्षभर तारखा पडल्या. लेकीला कडेवर घेऊन ती जायची. एकदा सोबत नागुबाई गेल्या, एरवी एकटीच. शेवटी आश्रुबांनीच समेट केला. तिच्या वाट्याला नाल्याकाठचा तुकडा आला. जमीन खडकाळ, पण नावावर. तिनं त्यात कापूस लावला.

साठ सालच्या दिवाळीनंतर तो कापूस घेऊन ती सेलूच्या बाजाराला आली. बरोबर दगडाबाई होती. दोघी दुकानाशी येऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी त्यांना आधी ओळखलं नाही, मग ओळख पटली.

"आत या, बाई. रेडिओ चाललाय ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "दोन म्हैने झाले, बंद हाय," दगडाबाई म्हणाली. "नवे मेकॅनिक एकदा आले, मग त्यांची बदली झाली. आता कोनीच न्हाई म्हनतेत."

"मग दुपारी काय करता?"

छबूबाई जरा लाजली. "दिनकररावांच्या घरची कमलबाई हाय ना, ती हाटेलाच्या मागल्या दारानं बसू देती आमाला. गानी ऐकतो." मग घाईनं म्हणाली, "गानी बरी असतेत. पर ती बाई सांगायची तसलं काई नसतं त्यात. अन् मागल्या दारानं बसायचं म्हंजे..."

अप्पा हातातला पेचकस फिरवत राहिले. सरकारी पेटीला हात लावायचा त्यांना आता अधिकार नव्हता. शेटजी पेढीवरून ऐकत होते.

"उद्या येतो," अप्पा म्हणाले.

ते दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. दुकानात काम होतं आणि पाठ धरली होती. तिसऱ्या दिवशीही गेले नाहीत. आठव्या दिवशी शेटजींनीच दुकानातली एक बॅटरी काढून त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "जाऊन या एकदाचं. तुमचं ध्यान न्हाई कामात."

त्या दिवशी कोरटवाडीच्या चढणीवर अप्पा चार वेळा बसले. देवळात पोचल्यावर पेटी उघडली, उंदरानं कुरतडलेली एक तार बदलली, बॅटरी जोडली. आवाज आला. बाया कामं टाकून एकेक करून यायला लागल्या. आकाशवाणीवर कोणीतरी गव्हावरच्या तांबेऱ्याबद्दल सांगत होतं. तांबेरा म्हणजे पानांवर पडणारा तांबडा रोग, तो कसा ओळखायचा, कशानं पसरतो. छबूबाई पुढं सरकून ऐकायला लागली. तिच्या शेजारच्या शेतात गहू होता, आणि तो रोग आपल्या कापसावर येतो का ते तिला जाणून घ्यायचं होतं.

अप्पा खांबाला टेकून बसले होते. थंड दगड पाठीला बरा लागत होता. थोड्या वेळानं त्यांची मान एका बाजूला कलली. खाली सडकेवर परतीच्या मोटारीचा भोंगा वाजला तशी एका सुनेनं उठून त्यांना हलवायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," नागुबाई हळूच म्हणाल्या. "झोपू दे त्यास्नी."

मोटार गेली. कोणीतरी पेटीचा आवाज थोडा कमी केला आणि तांबेऱ्याचं पुढचं सगळ्याजणी जवळ सरकून ऐकायला लागल्या.